प्रशिक्षणाचा खर्च आणि उद्योगाचा लाभ : हडपसर परिसराच्या संदर्भात

पुणे शहराच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेले हडपसर हे औद्योगिक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेसारखे उपयोगी पडावे, इतके तेथील उद्योगांचे वैविध्य आहे. १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी येथील औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर तयार करते. १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट लसी तयार करते. लागूनच असलेल्या मुंढव्यास, १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जमध्ये, तापल्या पोलादाचे घडीव भाग निघतात. आणि मगरपट्ट्याच्या सायबरसिटीत संगणकापुढे बसून परदेशातील ग्राहकांची कामे केली जातात. घणापासून कळफलकापर्यंतच्या या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उद्योगसंस्था आपल्या माणसांना शिकविण्यासाठी पैसा आणि वेळ खर्च करते, आणि त्या खर्चाचे फळ काय मिळाले असे विचारले असता बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते वर्गांची संख्या, उपस्थितांची संख्या आणि प्रशिक्षणाचे एकूण तास यांचे. हे खर्चाचेच दुसऱ्या परिमाणातील वर्णन झाले. त्यास फळ म्हणता येत नाही.

प्रशिक्षणापासून उद्योगाला लाभ होतो तो कसा, तो मोजावयाचा कसा, आणि तो कोणाच्या पदरी पडतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचे मत प्रारंभीच सांगून टाकणे बरे : प्रशिक्षणाचे मूल्य वर्गात निर्माण होत नाही. शिकलेला माणूस ज्या कामावर परत जातो, त्या कामाच्या मांडणीत ते निर्माण होते किंवा नष्ट होते. तेव्हा ज्याला प्रशिक्षणाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने वर्गापेक्षा खात्याकडे, म्हणजे कामाच्या जागेकडे, अधिक पाहिले पाहिजे.

मोजमापाच्या बाबतीत सर्वांस परिचित असलेली चौकट डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली लेखमालेच्या रूपाने मांडली. प्रशिक्षणार्थींना वर्ग कसा वाटला, त्यांनी काय आत्मसात केले, कामावर त्यांचे वागणे कितपत बदलले आणि संस्थेच्या कामगिरीत कोणता फरक पडला, अशा त्या चार पायऱ्या होत. पदव्युत्तर प्रबंधांतून ही चौकट इतक्या वेळा उद्धृत होते की तिचा परिचय करून देण्याचे कारण नाही. परंतु तिचा उपयोग कसा केला जातो हे पाहण्यासारखे आहे. वर्ग संपताच एक कागद वाटला जातो. त्यावर व्याख्याता, विषय, सभागृह आणि भोजन यांना गुण द्यावयाचे असतात. आणि त्या गुणांची सरासरी काढून प्रबंधात 'प्रशिक्षणाची परिणामकारकता' या मथळ्याखाली छापली जाते. पहिल्या पायरीवर उभे राहून चौथ्या पायरीवरचे दृश्य वर्णन करण्याचा हा प्रकार होय. जॉर्ज ॲलिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा वर्ग आवडला की नाही याचा आणि प्रशिक्षणार्थी काय शिकला याचा संबंध अगदीच क्षीण असल्याचे आढळले. 'हे मला माझ्या कामात उपयोगी पडेल काय' या प्रश्नाच्या उत्तराचा कामावरील वापराशी असलेला संबंध त्या मानाने अधिक होता. म्हणजे कागद वाटावयाचाच असेल तर निदान प्रश्न तरी बदलावा. भोजनाचे गुण भोजनगृहाच्या चालकाकडे पाठवून द्यावेत.

मोजमापाच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो टाळल्यामुळे होणारा अपव्यय सर्वांत मोठा असतो. कामात जी उणीव दिसते आहे तिचे कारण खरोखर अज्ञान आहे काय? रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात यासाठी एक साधी कसोटी सुचविली. तिचा आशय असा की, जिवावर बेतले तर हे काम त्या माणसाला करता येईल काय, हे पाहावे. करता येत असेल तर उणीव ज्ञानाची नाही. तेथे शिकविण्याने काही साधणार नाही. यंत्रचालकाला मायक्रोमीटर वापरता येतो, परंतु पाळीचे उद्दिष्ट इतके चढे आहे की माप घेण्यास त्याला उसंत नाही. किंवा खात्यात दहा माणसांमागे एकच मायक्रोमीटर आहे आणि तोही मुकादमाच्या कपाटात. किंवा बाद माल वेगळा काढणाऱ्याला शाबासकी न मिळता बोलणी खावी लागतात. यांपैकी कोणत्याही स्थितीत मापनशास्त्राचा वर्ग भरविणे म्हणजे रोग पायाला आणि औषध हाताला. व्यवस्थापनाला मात्र वर्ग भरविणे सोयीचे असते. उद्दिष्टे बदलावयाची तर उत्पादनप्रमुखाशी वाद घालावा लागतो, उपकरणे घ्यावयाची तर लेखाविभागाची मंजुरी लागते. वर्गाला कोणाचाच विरोध नसतो.

समजा, ही परीक्षा केल्यानंतर ज्ञानाचीच उणीव आहे असे ठरले. आता हिशेब कसा मांडावयाचा हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. एका यंत्रखात्यात दोन पाळ्या आहेत. प्रत्येक पाळीत वीस यंत्रचालक असून महिन्याला तीन हजार सुटे भाग तयार होतात, व त्यांपैकी दीडशे बाद ठरतात. एक भाग बाद झाला की चारशे रुपयांचे नुकसान होते. पहिल्या पाळीच्या वीस जणांना मापन व यंत्रजोडणी यांचे चोवीस तासांचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या पाळीला अद्याप दिले नाही. तीन महिन्यांनी पहिल्या पाळीतील बाद भाग दीडशेवरून नव्वदावर आले. साठ भाग वाचले, म्हणजे महिन्याला २४,००० रुपये वाचले, असा अहवाल तत्काळ तयार होईल. परंतु दुसऱ्या पाळीकडे पाहिले तर तेथेही बाद भाग दीडशेवरून एकशे एकोणतीस झालेले दिसतात; कारण मधल्या काळात कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला होता. हे एकवीस भाग प्रशिक्षणाच्या खाती जमा करता येत नाहीत. राहिले एकोणचाळीस, त्यांचे १५,६०० रुपये. प्रशिक्षणाचा खरा मासिक लाभ तो एवढाच.

आता खर्चाची बाजू पाहू. शिक्षकाचे मानधन ४०,००० रुपये आणि सरावात वापरलेल्या मालाचे १२,४०० रुपये, एवढे सर्वांच्या ध्यानात येते. वीस माणसे चोवीस तास यंत्रापासून दूर होती, त्यांचे तासाला १२० रुपयांप्रमाणे ५७,६०० रुपये वेतन मात्र अहवालातून हटकून गळते, वस्तुतः तीच सर्वांत मोठी रक्कम आहे. एकूण खर्च १,१०,००० रुपये. फसव्या हिशेबाने शिक्षक व माल यांचे ५२,४०० रुपये सव्वादोन महिन्यांत वसूल झाले असे दिसले असते; खऱ्या हिशेबाने सात महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. परिणाम वर्षभर टिकला तर लाभ १,८७,२०० रुपये, आणि खर्च वजा जाता ७७,२०० रुपये उरतात, म्हणजे खर्चाच्या सुमारे सत्तर टक्के. हा व्यवहार फायद्याचाच आहे. परंतु चार महिन्यांनंतर वीसांपैकी पाच जण शेजारच्या कारखान्यात निघून गेले असे मानल्यास वर्षाचा लाभ १,५६,००० रुपयांवर येतो व उरणारी रक्कम ४६,००० होते. सत्तर टक्क्यांचे बेचाळीस होतात. या शेवटच्या ओळीकडे आपणांस पुढे परत यावयाचे आहे.

या उदाहरणातील महत्त्वाची गोष्ट गुणाकार-भागाकाराची नव्हे. दुसरी पाळी मागे ठेवली होती, म्हणून हिशेब करता आला. सर्वांना एकाच वेळी शिकविले असते तर पुरवठादाराचे श्रेय प्रशिक्षणाने घेतले असते आणि कोणालाही त्याचा पत्ता लागला नसता. बहुतेक कारखान्यांत सर्वांना एकदम शिकविणे तसेही शक्य नसते, तुकड्या पाडाव्याच लागतात. त्या तुकड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविला, तर जवळजवळ विनामूल्य प्रयोग हाती येतो. हडपसरच्या कारखान्यांत प्रकल्पासाठी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी व्यवस्थापकांकडे मतपत्रिका भरून घेण्याची परवानगी मागण्याऐवजी तुकड्यांचा क्रम ठरविण्याची परवानगी मागावी. ती मिळणे अधिक कठीण आहे, हे खरे.

असे प्रयोग अन्यत्र झालेले आहेत, आणि त्यांपैकी एक महाराष्ट्राच्या भूमीवरचाच आहे. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी व इतर अर्थशास्त्रज्ञांनी पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि सीमेपलीकडील उंबरगाव येथील कापडगिरण्यांत २००८ पासून हा प्रयोग केला व २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सतरा मालकांच्या अठ्ठावीस गिरण्या त्यात होत्या. काही गिरण्यांना सल्लागारांनी पाच महिने कामाच्या जागी राहून मार्गदर्शन केले : दोषांची नोंद ठेवणे, त्यांची कारणे रोजच्या बैठकीत शोधणे, सुताचा साठा मोजून लावणे, यंत्रांची देखभाल वेळापत्रकाने करणे. तुलनेसाठी निवडलेल्या गिरण्यांत केवळ महिनाभराची पाहणी केली. पहिल्याच वर्षात मार्गदर्शन मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या; तरीही तुलनेच्या गिरण्यांपेक्षा त्या पुष्कळच पुढे होत्या. पद्धती सुटण्याची जी कारणे दिसली, त्यांत व्यवस्थापक बदलणे हे एक प्रमुख होते. हा प्रयोग रूढ अर्थाने प्रशिक्षणवर्ग नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु मला त्याचे महत्त्व त्यामुळेच वाटते. शिकविणे आणि कामाची मांडणी बदलणे ही दोन कामे तेथे एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसांकडून झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत उभारल्या गेलेल्या 'कारखान्यांतर्गत प्रशिक्षण' योजनेचा गाभा हाच होता. १९४० ते १९४५ या पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक पर्यवेक्षक तिच्यातून बाहेर पडले. लक्षावधी अननुभवी स्त्री-पुरुषांना थोड्या दिवसांत कुशल कामावर उभे करावयाचे होते. शाळा उघडण्यास अवसर नव्हता. म्हणून मुकादमालाच शिक्षक करण्यात आले. काम शिकविण्याची रीत चार टप्प्यांत बांधलेली होती. शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी आणि त्याला काय येते ते जाणून घ्यावे. काम एकेक पायरीने, मर्माच्या जागा सांगत, करून दाखवावे. मग त्याच्याकडून ते करवून घ्यावे व करताना त्यालाच कारणे सांगावयास लावावीत. आणि शेवटी त्याला कामावर ठेवून, अडचण आली तर कोणाकडे जावे ते सांगून, वारंवार पाहणी करावी व ती हळूहळू कमी करीत न्यावी. या चौथ्या टप्प्याविना उरलेले तीन केवळ प्रात्यक्षिक ठरतात. आजकालच्या अनेक कार्यक्रमांत पहिले तीन टप्पे ध्वनिचित्रांच्या साहाय्याने पूर्वीपेक्षा कितीतरी सुबक झाले आहेत आणि चौथा नाहीसा झाला आहे. कारण स्पष्ट आहे. पहिले तीन बाहेरच्या संस्थेकडून विकत घेता येतात. चौथा खात्याच्या मुकादमालाच करावा लागतो, आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याला स्थान नसते.

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात ही गोष्ट नियमाने सक्तीची केलेली आहे, म्हणून लसींच्या उद्योगाचा उल्लेख येथे आवश्यक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने उत्तम उत्पादनपद्धतींसंबंधी दिलेल्या मार्गदर्शनात केवळ प्रशिक्षण द्यावे एवढेच म्हटलेले नाही. त्याच्या प्रत्यक्ष परिणामकारकतेची वेळोवेळी तपासणी करावी, असेही म्हटले आहे. निर्जंतुक कक्षात काम करणाऱ्या माणसाने हातमोजे कसे चढवावेत, किती सावकाश हालचाल करावी, यावर संपूर्ण घाणीचे, म्हणजे एका वेळी सिद्ध होणाऱ्या मालाचे भवितव्य अवलंबून असते. तेथे परीक्षा तोंडी किंवा लेखी नसून, लसीऐवजी पोषक द्रव्य भरून त्यात जंतू वाढतात काय हे पाहण्याची असते. द्रव्य गढूळ झाले तर कोठे तरी चूक झाली, तिचे मूळ शोधलेच पाहिजे. यापेक्षा निःपक्षपाती परीक्षक कोणत्याही विद्यापीठाला लाभलेला नाही! याच क्षेत्रात दुसरे टोकही पाहावयास मिळते. कार्यपद्धतीचा कागद सुधारला की शंभर माणसांनी 'वाचले व समजले' अशी सही करावयाची, ही रीत औषधकारखान्यांत सर्वत्र रूढ आहे. नियम एकच, परंतु त्याचे पालन सहीनेही होते आणि गढूळ द्रव्यानेही.

भारत फोर्जचा इतिहास थोड्या वेगळ्या कारणासाठी लक्षात घ्यावयास हवा. १९९० च्या सुमारास या कंपनीने हातघाईच्या जुन्या लोहारकामाकडून स्वयंचलित दाबयंत्रांच्या मालिकेकडे वळण्याचा निर्णय घेतला. यंत्रे बदलताच कामाचे स्वरूप बदलले. पूर्वी जेथे अंगमेहनतीचे कामगार बहुसंख्य होते, तेथे पुढे अभियंते व पदविकाधारक बहुसंख्य झाले. आणि नोकरीत असतानाच पदवी मिळविण्याची सोय बिट्स पिलानीसारख्या संस्थेच्या सहकार्याने करण्यात आली. निर्यातीत या कंपनीने मिळविलेले यश सुविदित आहे, आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ते 'मनुष्यबळातील गुंतवणुकीचे फळ' म्हणून सांगितले जाते. विद्यार्थ्याने येथे सावध राहावे. यंत्रे नवी, बाजारपेठ नवी, माणसेही पुष्कळशी नवी. या तिन्हींमधून शिक्षणाचा वाटा वेगळा काढता येत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की शिक्षणाचा निर्णय यंत्रांच्या निर्णयाबरोबर झाला होता, त्याच्या मागाहून नव्हे. टेल्कोने पिंपरी-चिंचवड भागात १९६६ च्या सुमारास आपला व्याप सुरू केला, तेव्हाही मोटारींच्या आधी यंत्रहत्यारांचा विभाग आणि शिकाऊ उमेदवारांचे प्रशिक्षण यांस हात घातला होता. सुमंत मुळगावकरांच्या धोरणातील हा क्रम बोलका आहे. पुढे पुण्याच्या परिसरात कुशल कारागिरांचा जो साठा तयार झाला त्याचा लाभ केवळ टेल्कोला झाला नाही. त्या परिसरातील असंख्य लहान कारखान्यांनाही झाला.

हडपसरचे मगरपट्टा हे उदाहरण उद्योगसंस्थेच्या रूढ व्याख्येत बसत नाही, तथापि ते वगळता येणार नाही. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांवर जमीन न विकता एकत्र केली, सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची कंपनी स्थापिली, आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. २००० सालापासून तेथे नगर उभे राहू लागले. ऊस आणि भाजीपाला पिकविणाऱ्या कुटुंबांतील तरुणांनी बांधकामाच्या मालाचा पुरवठा, वाहतूक, देखभाल अशी कामे शिकून घेतली व त्यांतील अनेक जण कंत्राटदार झाले. शेतकऱ्यांना 'उद्योजकता' शिकविणारे वर्ग महाराष्ट्रात गावोगावी भरतात आणि त्यांतील पुष्कळसे प्रमाणपत्रापाशी संपतात. येथे तसे झाले नाही, याचे कारण अध्यापनाच्या गुणवत्तेत शोधू नये. शिकण्याच्या आधीच काम तयार होते, ते शिकणाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर होते, आणि ज्या कंपनीसाठी करावयाचे तिचा तो भागधारक होता.

त्याच मगरपट्ट्याच्या सायबरसिटीतील दूरध्वनिसेवेच्या कार्यालयांत प्रशिक्षणाचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. अशा कामात प्रत्येक संभाषणाचा काळ आपोआप नोंदला जातो, म्हणून मोजमाप सोपे असते. आंद्रीस द ग्रिप आणि यान झाउअरमान यांनी नेदरलँड्समधील अशाच एका केंद्रात केलेला व २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. आठवडाभराच्या प्रशिक्षणाने कामगिरी सुमारे दहा टक्क्यांनी सुधारली. शिवाय प्रशिक्षितांच्या शेजारी बसणाऱ्या, पण स्वतः न शिकलेल्या सहकाऱ्यांचीही थोडी सुधारली. ज्ञान शेजारी पाझरते. ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेतही पाझरते, आणि तेथेच मालकाची अडचण सुरू होते.

गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात सर्वसाधारण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा भेद केला. ज्या कौशल्याचा उपयोग कोणत्याही कारखान्यात होतो ते सर्वसाधारण. ज्याचा उपयोग एकाच संस्थेत होतो ते विशिष्ट. पहिल्या प्रकारचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला माणूस बाजारभावाने वेतन मागेल किंवा निघून जाईल. तो खर्च शिकणाराच, कमी वेतन पत्करून, करील, असे बेकर यांचे प्रतिपादन होते. हडपसरसारख्या ठिकाणी, जेथे एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकात शिरण्यास घर बदलावे लागत नाही, तेथे हा युक्तिवाद फार प्रबळ वाटतो. वरील उदाहरणात सत्तराचे बेचाळीस झाले ते यामुळेच. तरीही संस्था सर्वसाधारण कौशल्ये शिकवितात, हे आपण पाहतो. डॅरन ॲसेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी १९९० नंतरच्या आपल्या लेखनात याचा उलगडा असा केला की, प्रत्यक्षातील श्रमबाजार अपूर्ण असतो. माणसाची खरी योग्यता त्याच्या मालकाला जितकी कळते तितकी बाहेरच्यांना कळत नाही. त्यामुळे कौशल्य वाढते तितके वेतन वाढत नाही, आणि मधला फरक मालकाला मिळतो.

काही संस्था करारपत्राने माणूस बांधून ठेवतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. सेवेच्या काळापुरते असे बंधन घालणे म्हणजे व्यवसायावर निर्बंध नव्हे, असा तिचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. उद्योगाच्या दृष्टीने मात्र करारपत्राने शरीर राहते, उत्साह राहतोच असे नाही. आणि मूल्य उत्साहात असते. शिकून आलेल्याला सहा महिन्यांत अधिक जबाबदारीचे काम व त्याला साजेसे वेतन देणे हा उपाय अधिक खर्चाचा दिसतो. तो खर्च, सोडून गेलेल्याच्या जागी नवा माणूस घेऊन त्याला पुन्हा शिकविण्याच्या खर्चाशी ताडून पाहणारा लेखापाल मात्र विरळा.

येथून आपण तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. लाभ कोणाचा? अच्युत अधवर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशाधम यांनी बंगळूरच्या शाही एक्स्पोर्ट्स या कापड शिवणाऱ्या कंपनीत स्त्री-कामगारांवर केलेला प्रयोग अलीकडे फार उद्धृत होतो. संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडविणे अशा विषयांचे सुमारे ऐंशी तासांचे शिक्षण चिठ्ठ्यांनी निवडलेल्या स्त्रियांना देण्यात आले. त्यांची उत्पादकता इतरांपेक्षा तेरा टक्क्यांहून अधिक वाढली, आणि कार्यक्रम संपल्यानंतर आठ महिन्यांत कंपनीला खर्चाच्या दुपटीहून अधिक निव्वळ लाभ झाला. वेतन मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वाढले. व्यवस्थापनाच्या वर्गात या अभ्यासाचा पहिला आकडा फळ्यावर लिहिला जातो. दुसरा क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः हे दोन आकडे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. वेतन उत्पादकतेइतके वाढले असते तर कंपनीचा लाभ तेवढा दिसलाच नसता.

शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. मूळ कायद्यात उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने नोकरभरतीचे धोरण ज्याचे त्याने ठरवावे असे झाले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावयाचे असतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला पंधराशे रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलावा असे ठरले. हेतू चांगलाच आहे. परंतु कोणत्या कारखान्यात उमेदवाराला खरोखर शिकविले जाते आणि कोणत्या कारखान्यात कायम कामगाराच्या जागी स्वस्त हात म्हणून उभे केले जाते, हे विद्यावेतनाच्या नोंदींवरून कळत नाही. ते ओळखण्यासाठी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवीन : वर्षभरात उमेदवाराची किती वेगवेगळ्या यंत्रांवर बदली झाली, त्याच्या कामाची पाहणी कोणी व कितीदा केली, आणि मागील तीन वर्षांतील उमेदवारांपैकी किती जण त्याच व्यवसायात, मग तो कोणत्याही कारखान्यात का असेना, टिकून आहेत. पहिल्या दोन गोष्टी कारखान्याच्या नोंदवहीत सापडतील. तिसरीसाठी विद्यार्थ्याने फाटकाबाहेर पडून, हडपसर-मुंढव्याच्या वस्त्यांत जाऊन, त्या तरुणांनाच विचारावे लागेल.